वाळूचा पट्टा वगळून

मोंबासा, जुनी वस्ती
मंगळवार, १४ ऑगस्ट

प्रिय अथमानदादा,

सलाम. तुम्ही चौघं मस्कतला बरे असाल. इथे बाबा आणि मी बरे आहोत, म्हणजे ताप-खोकला काही नाही. हबीबावहिनीला सलाम सांग. नस्राचा हलणारा दात पडला का ते कळव.

तुझा निरोप मिळाला. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग मी गप्प होते, म्हणून हे कागदावर. तुझ्या सासू-सासऱ्यांना सात दिवसांत काय काय दाखवावं असं विचारलं आहेस. उन्हाच्या वेळा आणि सासूबाईंचा गुडघा धरून आखणी केली आहे.

किल्ला पहिल्याच सकाळी उरकून घ्या, दार उघडताच. उशीर झाला की भिंती तापतात. 'माझे आजोबा इथेच तोफा ओढायचे' असं म्हणत जो पुढे येईल त्याला वाटाड्या म्हणून घेऊ नकोस. त्याचे आजोबा किसुमूचे, समुद्रापासून पार लांबचे. किल्ल्यातून निघून जुन्या वस्तीतल्या कोरीव दारांवरून उतारानं खाली या, म्हणजे गुडघ्याला चढ लागत नाही. संध्याकाळी दीपगृहाजवळ गाडीतच बसा. तळलेला कसावा, तिखट-लिंबू, शहाळी सगळं खिडकीशी येतं.

दुसऱ्या दिवशी खाणीतली बाग. जिराफ हातातून दाणे खातात. यहया घाबरेल, त्याला आधी कासवं दाखव. तिसऱ्या दिवशी लिकोनीच्या फेरीबोटीनं पलीकडे जाऊन दक्षिणेचं कायावन, ती जुनी पवित्र राई. तिथे काळं वस्त्र गुंडाळायला देतात, ते गुंडाळायचं, आणि झाडाचं पानही तोडायचं नाही. सासऱ्यांना आधीच सांगून ठेव, त्यांना पानं चुरगाळून वास घ्यायची सवय आहे. चौथा दिवस विश्रांतीचा. पाचव्या दिवशी उत्तरेला म्त्वापाच्या खाडीवरचे पडके वाडे आणि मशीद. तिथे सावली भरपूर आहे. सहाव्या दिवशी काचतळाची होडी. ओमारीची घे. तो बडबडतो फार, पण प्रवाळावर नांगर टाकत नाही.

सातवा दिवस मी कोरा ठेवला आहे.

तुला ठाऊक आहे तिथे काय यायला हवं. वाळूचा पट्टा. या शहरात येणारा प्रत्येक माणूस तोच विचारत येतो. समुद्राच्या मधोमध पांढरी वाळू दोन-तीन तास वर येते, माणसं उतरतात, तारामासे बघतात, फोटो काढतात आणि वाळू पुन्हा बुडते. सध्या तिथे कोणालाच नेत नाहीत. बंदी आहे.

तुझ्या निरोपातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. 'मुलांना बाबांबरोबर पाण्याजवळ सोडायचं नाही, आणि हे त्यांना तूच सांग.' मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही घरी न उतरता हॉटेलात उतरणार, एवढंच सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं केलं. इथे पंखा आवाज करतो." मग त्यांनी पंख्याला तेल घातलं.

जूनमध्ये जे झालं ते तुला माहीत आहे, म्हणजे चौकशीत जे लिहिलं गेलं ते. बकारी नाखवा, वय एकाहत्तर. न्येरीहून आलेल्या बारा निवृत्त शिक्षकांना पट्ट्यावर नेलं, परत निघायला उशीर केला, मधला चर भरला. वाइथेरा बाई, वय चौसष्ट, चराच्या पलीकडे राहिल्या होत्या. त्यांनी समुद्र त्याच आठवड्यात पहिल्यांदा पाहिला होता. त्यांच्याबरोबर पलीकडे आणखी दोघं होते, त्यांना बाबांनी पोहत जाऊन आणलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा बाई तिथे नव्हत्या. नाखव्यानं स्वतः कबूल केलं की चंद्र मोजण्यात चूक झाली. परवाना जमा.

आता जे लिहिलं गेलं नाही ते.

चांद्र महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी बाबा गच्चीवर जातात हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. चंद्र दिसला की महिना तिथे संपला, नाही दिसला की तिसावा दिवस. इथले सगळे नाखवे पाण्याचा अंदाज त्या मोजणीवर बांधतात. कितव्या चंद्राला ओहोटीचा तळ किती वाजता, हे त्यांच्या बोटांवर असतं. रोज चाळीस-पन्नास मिनिटं पुढे. पण नवीन पोरांच्या बोटांवर ते नाही. म्हणून मार्चमध्ये मीच म्हटलं की मी एक तक्ता करून देते. इंग्रजी तारखांचा तक्ता आमच्या कचेरीत आहेच, तो धक्क्यावर कोणी बघत नाही. मी त्यांच्या भाषेत केला. एका रकान्यात चंद्र, पहिला, दुसरा, तिसरा. समोर तळाची वेळ. प्लास्टिकमध्ये घालून नऊ जणांना वाटला. बाबांनी त्यांचा तक्ता सुकाणूपाशी टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "लेक मोजणी कचेरीत आहे. समुद्राची खोली तिला विचारायची."

वेळा मी बरोबर काढल्या होत्या. त्या आजही बरोबर आहेत. पण कितवा चंद्र हे मी टेबलामागच्या छापील कॅलेंडरवरून घेतलं. महिन्याचे दिवस कॅलेंडर छापणारा आधीच ठरवतो आणि बाबा गच्चीवर जाऊन ठरवतात, ही गोष्ट ज्या घरात मी वाढले त्याच घरात मला आठवली नाही. मार्च, एप्रिल, मे, तिन्ही महिने दोघांचं जुळलं. जूनमध्ये कॅलेंडरनं महिना तीस दिवसांचा धरला होता. बाबांना चंद्र एकोणतिसाव्या संध्याकाळीच दिसला.

त्या दिवशी बाबांचा चौथा चंद्र होता, कॅलेंडरचा तिसरा. माझ्या तक्त्यात चौथ्यासमोर तळ साडेबारा. खरा तळ अकरा पन्नास. बाबांचा चंद्र बरोबर होता, दादा. तक्ता एक दिवस मागे होता.

ओमारी त्या दिवशी बाजूलाच होडी लावून उभा होता. तो मला म्हणाला, "सव्वाबाराला तुझे बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. म्हणाले, ओमारी, पाणी वळलं रे. मी म्हटलं, मलाही तसंच वाटतंय, बोलवा माणसांना. मग त्यांनी वर होडीकडे बघितलं, तक्त्याकडे. म्हणाले, नाही, तळाला अजून पाव तास आहे. लेकीनं लिहिलंय. माझे पाय म्हातारे झालेत."

हे वाक्य मी इथे एकदाच लिहिते.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी बाबांना सांगितलं. ते जाळं विणत होते.

"बाबा, तक्ता चुकला होता."

"कुठला तक्ता?"

"माझा. जूनचा चंद्र एक दिवस सरकला होता."

"मी कुठलाही तक्ता बघितला नाही."

"ओमारीनं पाहिलंय तुम्हाला बघताना."

"ओमारीला काल काय जेवला ते आठवत नाही. त्याची बायकोसुद्धा त्याला साक्षीला नेणार नाही."

"मी उद्या सांगणार आहे."

त्यांनी सुई खाली ठेवली. "तुझं काम कागदाचं आहे, तौहिदा. एकदा तुझा कागद खोटा पडला की पुढचा कोणी वाचणार नाही. माझं काय, मी पन्नास वर्षं पोटभर समुद्र पाहिला. उद्या तू कामावर जायचंस."

मी कामावर गेले. हे मी कोणाच्या दबावाखाली केलं असं समजू नकोस. नऊ वाजता टेबलाशी होते, चौकशी दहाला होती, आणि ती कचेरी चालत सात मिनिटांवर आहे.

नंतर कळलं की बाबा त्याआधीच सगळ्या नाखव्यांकडे जाऊन आले होते. 'तिला सुधारायचा आहे' असं सांगून सगळे तक्ते गोळा केले आणि चुलीत घातले. तक्ते जाळले त्या दिवशी मी घरी आले तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास होता. मी विचारलं नाही.

आता ते धक्क्यावर जात नाहीत. कॉफीच्या बाकावर एकदा गेले होते, तेव्हा तिथल्या टोळक्यातून कोणीतरी विचारलं, "काय नाखवा, आज कितवा चंद्र?" सगळे हसले. बाबाही हसले आणि कप अर्धा ठेवून घरी आले. मागच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी मी गच्चीचं दार उघडून ठेवलं. ते खाली बसून राहिले. म्हणाले, "रेडिओवर सांगतीलच."

तुझा फोन चौकशीच्या आठवड्यात आला होता. 'माणूस मारलात तुम्ही, आता तरी घरी बसा,' असं तू त्यांना म्हणालास. ते 'हो बेटा' म्हणाले. मी तिथेच भाजी निवडत होते. त्यांना फोन माझ्या हातात देता आला असता, मी मागितला असता तर.

मागच्या गुरुवारी मी मुतिसो साहेबांकडे गेले. चौकशी त्यांनीच केली होती. सगळं सांगितलं, वेळांसकट, एका कागदावर दोन रकाने काढून. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला. मग म्हणाले, "माझी मुलगीही असंच करेल, अशी आशा आहे."

मी म्हटलं, "साहेब, मी त्यांना वाचवायला आलेले नाही. मोजणी चुकली होती."

"तक्ता आहे का?"

"जाळला."

"कोणी?"

"बाबांनी."

"आणि ओमारी?"

ओमारीनं चौकशीत सांगितलं होतं की त्याला काही आठवत नाही. बाबांनी त्याला तसं सांगायला लावलं होतं.

"घरी जा, बाई," साहेब म्हणाले. "तुमच्या बाबांनी सही केली आहे. अशी माणसं स्वतःच्या चुकीवर सही करत नाहीत, यांनी केली. ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका."

मी उठले तेव्हा त्यांनी थांबवलं. पट्ट्यावरची बंदी उठवायची आहे, हॉटेलवाले मागे लागले आहेत. पण यापुढे म्हाताऱ्यांचे चंद्र चालणार नाहीत. प्रत्येक धक्क्यावर मोठा फलक लागेल, पट्टा, प्रवाळ, खाडी, सगळ्यांच्या ओहोटीच्या वेळा, वर्षभराच्या, मोजणी कचेरीच्या जाणकार माणसाच्या सहीनिशी. ते म्हणाले, "हे तुमच्याशिवाय कोण करणार? वडिलांच्या बाबतीत असं घडलेलं. तुम्ही जपून कराल."

मी हो म्हणाले.

का म्हणाले ते शोधून पाहिलं. वेळा बरोबर लागल्या पाहिजेत, हे एक कारण आहे. दुसरं मला सापडलं आहे, पण ते इथे लिहिणार नाही. तू मला ओळखतोस.

हे तुला सांगायचं कारण एवढंच की हे खरं असल्याचं माहीत असलेली माणसं तीन आहेत, बाबा, ओमारी आणि मी, आणि त्यांतली दोघं बोलणार नाहीत. तू चौथा. तुझा विश्वास बसेलच असं नाही. मुतिसो साहेबांचा बसला नाही आणि त्यांच्यासमोर तर रकाने काढलेला कागद होता. बसला, तरी बाबांना फोन करून काही बोलू नकोस. ते 'हो बेटा' म्हणतील आणि तुला वाटेल मिटलं.

मुलांबद्दलचं तुझं वाक्य मी त्यांना सांगणार नाही. ते तुझं तू ठेव किंवा काढ. मुलांना ज्याच्याबरोबर पाण्याजवळ सोडू नये असं एक माणूस या घरात आहे, आणि ते बाबा नाहीत.

फलकाचा मसुदा शुक्रवारी द्यायचा आहे. खाली सही आणि पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत हवं, लांबून वाचता येईल असं. पूर्ण नावात बाबांचं नाव येतं. काल धक्क्यावर जाऊन, होड्या लागतात तिथे उभं राहून, मी फलकाच्या जागेपर्यंतचं अंतर मोजलं. अठरा मीटरवरून वाचता येईल.

तुझी बहीण,
तौहिदा बकारी