ओपलबाईंसाठी रोज एक गाणं

प्रिय डेल्मर,

समोर बसून बोलले असते तर भांडलेच असते, म्हणून लिहिते आहे. पत्र घरी न ठेवता रेडिओ स्टेशनवर का पाठवलं, तेही सांगते.

सकाळी सहाला मक्याचा पाव भट्टीत ठेवून मी तुझा कार्यक्रम लावते. तू पिठाच्या कंपनीची जाहिरात वाचतोस, गिटार घेतोस आणि म्हणतोस, ‘हे गाणं लॉरेल फोर्कच्या ओपलबाईंसाठी.’ जानेवारीपासून रोज हेच. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, माझं नाव एकदाही घेतलं नाहीस. घरचं माणूस रेडिओवर आणू नये म्हणे.

मग दर गुरुवारी तुझ्या बुटांना तिकडची तांबडी माती दिसायला लागली. चर्चमध्ये माझ्या शेजारी गाणारी आयसी म्हणाली, “इस्त्रीचा शर्ट घालून जातो ना? रेडिओवर शर्ट कुणाला दिसतो गं?” घरी येऊन तुझा कोट चाचपला. जांभळा लिफाफा निघाला, आत वाकड्यातिकड्या अक्षरात एक चिठ्ठी, खाली ओपलची सही. ‘तुमचा आवाज ऐकल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

काल बस पकडून लॉरेल फोर्कला गेले. त्या बयेच्या झिंज्या उपटायच्या तयारीनेच. टपाल कचेरीतल्या म्हाताऱ्या हॅस्क्यूबाई म्हणाल्या, “ओपल? पोरी, तीस वर्षं टपाल वाटतेय, या खोऱ्यात ओपल नाही. एक उंच, टोपीवाला गडी मात्र गुरुवारी येतो. डझनभर पत्रं टाकतो, सगळी एकाच रेडिओ स्टेशनला.”

तो टोपीवाला तूच, आणि ओपलची पत्रंही तूच लिहिलेली. परतताना बसमध्ये मला रडू आलं. कंपनीचा माणूस दर महिन्याला श्रोत्यांची पत्रं मोजतो, कमी पडली की गाणारा बदलतो, हे तू मला नाताळात सांगितलं होतंस. मी शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हटलं, “बरंच होईल, खाणीत कायमची नोकरी तरी बघशील.” जानेवारीत ओपल आली.

डेल्मर, एकोणीस वर्षं मी रोज ऐकते आणि एक ओळ कधी लिहिली नाही. सोबत वेगळं कार्ड आहे, माझं नाव आणि पत्ता घालून; श्रोत्याचं म्हणून ते मोजलं जावं, यासाठीच स्टेशनवर पाठवलं. ते मोजणाऱ्याला दे, हे पत्र खिशात ठेव. कार्ड एकच आहे, पण खरं आहे. आपण भेटलो तेव्हा गायचास ते गाणं म्हण, आणि नाव माझं घे. तोवर रोज सहाला रेडिओजवळ बसते.

तुझीच,
व्हर्डी