कवळीचा आळ

कराड, १२ डिसेंबर १९७४

तीर्थस्वरूप मनुआक्काच्या पायांवर धाकट्या लालासाहेबाचं डोकं. म्हसवडच्या थंडीत तुझा गुडघा काय म्हणतो ते कळव. माझी तब्येत दात सोडून उत्तम आहे.

तर तुझ्या जावेच्या विधवा बहिणीला, चंद्राबाईला, बघायला जायचं म्हणून (पन्नाशीच्या विधुरानं कसलं बघायचं, पण तू हट्टाला पेटलीस) मी आरशात हसून पाहिलं. पलटणीतला सगळा तंबाखू आणि चहा दातांवर तसाच बसलेला. आधी राखुंडी आणि मीठ लावलं. हिरड्या सोलल्या, दात होते तसेच. मग लिंबू नि खायचा सोडा. त्यानं रंग जरा उतरला, पण दात असे आंबले की गार पाण्याच्या घोटाला मी हिंदीतून शिव्या दिल्या. मग बक्कल घासायची पावडर हातात घेतली (नुसती हातात घेतली, आक्का, ओरडू नकोस, चव फार वाईट असते). शेवटी मिरजेला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. सगळ्यांत गुणकारी तोच आणि सगळ्यांत निर्दयही तोच. त्यानं खरवडायला घेतलं तेव्हा मी खुर्चीचा हात धरला होता की डॉक्टरचा, मला आठवत नाही. त्याला आठवतं. दात मात्र पांढरेफेक निघाले.

बघायच्या दिवशी मी चहा पितानाही ओठ मिटले नाहीत. चंद्राबाईनं दोनदा नीट वर पाहिलं. मला वाटलं, काम फत्ते. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ जोतिबा निरोप घेऊन आला, "हवालदार, रागवू नगा. ती म्हनती, मानूस लय झ्याक हाय, पर तोंडात कवळी हाय. या वयात समदं दात पांढरं कसं? मग वय तरी किती चोरलंय कुनास ठावं!" मी तिथल्या तिथे तोंड वासून दात ओढून दाखवले, एकही निघाला नाही. तो म्हणाला, "मला न्हाई, तिला दावा. तिच्याम्होरं दातानं ऊस सोला, मंग जमलं."

मी साफ नकार दिला. हवालदार माणूस बायकांपुढे ऊस सोलत बसत नाही. लग्नावाचून माझं काही अडलेलं नाही, भाकरी मी स्वतः थापतो आणि ती बरी होते. तेव्हा हा विषय बंद.

तुझा लालासाहेब

ता. क. मिरजेहून आल्यापासून मला केळंसुद्धा चावत नाही, ऊस कुठला सोलतोय! काहीतरी सांगून महिनाभर पुढे ढकल, पण तिला दुसरं स्थळ बघू देऊ नकोस. तिनं वर पाहिलं तेव्हापासून भाकरी रोज करपते आहे.

आणखी एक. तुझ्या डबीतली मिश्री पाठव, चांगली काळीकुट्ट भाजलेली. सकाळ-संध्याकाळ लावतो. काळी कवळी अजून कुठल्या डॉक्टरनं बसवलेली नाही.