औषध खोडा, विष लिहा

प्रिय धाकट्या,

दोन वर्षांत तुला साधा फोन केला नाही आणि आज एकदम पत्र, म्हणजे ताई आजारी असणार, असं समजून डोळे पुसू नकोस. ठणठणीत आहे. शिवाय जिंकले आहे. भाचीच्या घरी सगळ्यांदेखत तू म्हणाला होतास, "ताई नर्सच्या नोकरीतून रिटायर झाली, पण वॉर्ड काही सुटला नाही." खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं.

तर त्या वॉर्डची हकिकत ऐक. गेल्या वर्षी एका सकाळी आमच्या पार्किंगमध्ये गव्हाणी घुबड मरून पडलं होतं. गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत राहणाऱ्या जोडीतली मादी. अंगावर ओरखडा नाही, चोचीत मात्र रक्त. वॉचमन म्हणाला, "म्हातारी झाली असेल." म्हातारपणाने कोणी रक्त ओकत नाही, हे छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर मला कळू नये? पिशवीत घालून तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. पोटात सगळं रक्तच. कारण होते उंदरांसाठी जागोजागी ठेवलेले डबे. त्यातलं खाल्लं की उंदराचं रक्त गोठत नाही. तो लगेच मरतही नाही. चार-पाच दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. घुबडाला आयती शिकार, आणि शिकारीच्या पोटात मरण.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी डबे हटवा म्हटलं आणि सपशेल हरले. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, औषध बंद केलं तर उंदीर तुमच्या उशाशी येऊन बसतील." औषध! जन्मभर मी माणसांना औषधं दिली. अशा कामाला तो शब्द? घरी येऊन जुन्या नोटिसा काढल्या. सगळीकडे औषध, औषध, औषध. म्हणून पुढच्या मीटिंगआधी डब्यांच्या वार्षिक मंजुरीच्या ठरावात एकच दुरुस्ती मागितली: 'औषध' खोडा, 'विष' लिहा. सेक्रेटरींना त्यात काही वावगं दिसलं नाही, बिचारे. मग भर सभेत त्यांनाच वाचावं लागलं, "मुलांच्या खेळण्याच्या जागेसह बारा ठिकाणी वर्षभर विष ठेवण्यास मंजुरी मिळावी." शेवटच्या शब्दापर्यंत त्यांचा आवाज बसला होता. अडतीसपैकी एकतीस जणांनी विरोधात हात वर केले. ज्यांनी केले नाहीत, ते चष्मे पुसत बसले.

नुसते हात वर करून उंदीर जात नाहीत, एवढं मलाही कळतं. गवंड्याने पाइपांभोवतीची भोकं जाळी घालून सिमेंटने बुजवली. कचऱ्याच्या पिंपांना घट्ट झाकणं आली. कॉन्व्हेंटमध्ये मदर आमची नखं तपासायच्या, तशी मी रोज झाकणं तपासली. कबुतरांच्या नावाने उंदरांना जेवू घालणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्वतःच झाडू घेऊन खाली आले. उरल्यासुरल्या उंदरांसाठी चापाचे सापळे. चार महिन्यांत आवार साफ! आणि टाकीतल्या एकट्या नराने नवी जोडीदारीण आणली. या गुडघ्यांनिशी शिडी चढून पाहिलं मी: तीन पिल्लं, पांढऱ्या लोकरीच्या गुंड्यांसारखी, माझ्यावरच फिस्कारत होती. इतका आनंद मला रिटायर झाल्याच्या दिवशीही झाला नव्हता.

आता पत्राचं कारण. आमच्याकडे उंदीर फारसे उरले नाहीत, म्हणून तो नर संध्याकाळी मधली भिंत ओलांडून तुमच्या आवारात शिकारीला जातो. तुमच्याकडे जिन्याखाली, गॅरेजमागे असे चौदा डबे आहेत आणि तू तिथला चेअरमन आहेस. काल तुमच्याकडचा उंदीर त्याने टाकीकडे नेला, ते मी खिडकीतून पाहिलं आणि आज सकाळीच हे पत्र लिहायला बसले. पिल्लं उडायला अजून तीन आठवडे आहेत. पत्र आमच्या वॉचमनच्या हाती पाठवतेय; उद्या सकाळी नऊला गवंड्याला घेऊन येते. तोवर डबे उचल. हात जोडते, आणि मी कोणापुढे हात जोडत नाही, हे तुला ठाऊक आहे. आपलं भांडण पिल्लं उडाल्यावर निवांत पुढे चालू ठेवू.

तुझीच,
अजून रागावलेली ताई