एकोणिसाव्या भागाची श्रेयनामावली

दि. ३ जानेवारी

चि. ठमीस,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत, आणि खालच्या मजल्यावर तुझा बाप गुडघ्याच्या नावाने कुरकुरत मजेत. माझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर नुसती भुणभुण ऐकू येते, म्हणून कागदच बरा.

तू दिलेला लॅपटॉप चालू झाला. तू सांगितलेला ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, चाहत्यांचा ज्ञानकोशही उघडला. शोधायला गेले आमची ती होडीतून टपाल वाटणाऱ्या पोरीची मालिका, आणि पोचले एका तलवारबहाद्दराच्या पानावर. तिथे त्याचा रक्तगट आणि बुटाचं मापसुद्धा दिलंय! तुझ्या आतोबांच्या बुटाचं माप मला चाळीस वर्षांच्या संसारात पाठ झालं नाही. निळ्या शब्दाला हात लावला की दुसरं पान, तिथून तिसरं. तीन दिवस नुसती भटकतेय.

मला एवढंच बघायचंय, की त्या मालिकेच्या एकोणिसाव्या भागाखाली कोणाची नावं आहेत. तो आमच्या रंगखोलीत रंगला. जपानहून रेषांची चित्रं पारदर्शक शीटवर यायची आणि आम्ही चौदाजणी उलट्या बाजूने रंग भरायचो. तेवढा रस्ता सांग.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या

दि. ११ जानेवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पहिल्यांदा सगळेच रक्तगटात हरवतात. पानाच्या वर भिंगाचं चित्र आहे, तिथे मालिकेचं नाव टाक. पात्रांकडे ढुंकूनही बघू नकोस. खाली भागांची यादी, तीत एकोणीस, आणि अगदी तळाशी श्रेयनामावली. वर आणखी दोन दारं दिसतील. ‘इतिहास’ म्हणजे कोणी, कधी, काय बदललं. ‘चर्चा’ म्हणजे भांडायची अधिकृत जागा. चूक दिसली तर ‘संपादन’ दाबून कोणीही दुरुस्त करू शकतं, फक्त पुरावा हवा. मी तिथे सात वर्षं संपादक आहे. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवते आणि संध्याकाळी इथे स्वल्पविराम बसवते.

एक विचारू? रंगखोलीबद्दल तू कधी बोलली कशी नाहीस? बाबा एवढंच सांगायचे, की आत्या कुठेतरी कामाला होती.

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझी ठमी

दि. २० जानेवारी

चि. ठमीस, अ. उ. आ.

सापडलं. तळाशी एकच नाव, आमच्या पर्यवेक्षकांचं. ते आठवड्यातून एकदा दारातून डोकावायचे. त्या भागातल्या वादळी पाण्यात करडा आणि जांभळा मिसळला तो आम्ही. डब्यात नुसता निळा होता!

मी ‘संपादन’ दाबलं आणि चौदा नावं लिहिली. अकरा मिनिटांत गायब. इतिहासात बघितलं, तर कासवाचं चित्र लावलेला कोणी संपादक. पडद्यावर जे नाव नाही ते इथेही नाही, असं त्याने लिहिलंय.

तुझ्या बापाला सांगितलं, तर म्हणाला, की गाडलेली मढी कशाला उकरतेस, या वयात गप्प बसावं. मी म्हटलं, गप्प बसायचं ते पंचविशीत बसून झालं, आता मला तेवढी सवड नाही.

तूही मला समजावू नकोस. बाकी प्रेम कमी करू नकोस.

आत्या

दि. २९ जानेवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

समजावत नाही. कासवाने मला विचारलं, की ही बाई तुझ्या ओळखीची का. मी सरळ सांगितलं, की सख्खी आत्या आहे. त्यामुळे नियमाने त्या पानाला मला हात लावता येत नाही. लावला तर संपादकपद जाईल. माणूस वाईट नाही गं. मागे एकाने चाळीस पानांवर स्वतःचंच नाव घुसडलं होतं, तेव्हापासून तो ताकही फुंकून पितो.

पण त्याच पानावर ‘चित्रदालन’ आहे. मूळ रंगवलेली शीट लोकांनी जपून ठेवलीत, त्यांचे फोटो. तीनशे बारा आहेत. तुला काही ओळखू येतंय का बघ.

डोळ्यांना जप, आणि मला विसरू नकोस.

ठमी

दि. १६ फेब्रुवारी

चि. ठमीस, अ. उ. आ.

ओळखू येतंय का म्हणे! कॅमेऱ्यात न येणाऱ्या खालच्या कडेला प्रत्येकीची खूण असायची. माझी एक रेघ, माझ्या शेजारी बसायची त्या चिमणीचे दोन ठिपके. पुष्कळ फोटोंत ती कड कापलीय, तरी एकवीस खुणा सापडल्या. सगळ्या चर्चेत मांडल्या.

कासव म्हणालं, की फोटो बघून कोणीही सांगेल. मग त्यानेच परीक्षा घेतली. एका संग्राहकाकडे एक शीट होतं, त्याची कड कोणी पाहिली नव्हती. कोणती खूण निघेल ते मी आधी सांगायचं. चित्रात त्या पोरीचे केस होते, आणि रंगाच्या कडा इतक्या स्वच्छ फक्त चिमणीच्या. मी दोन ठिपके लिहिले आणि दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळी फोटो आला. दोन ठिपके.

आता कासव म्हणतं, की माझं नाव घालू, पुढे ‘आणि इतर’ लिहू. त्याने ते घातलंही. मी लगेच स्वतःचं नाव पुसलं. चौदा, नाहीतर एकही नाही. इतर म्हणजे कोण? केस मी नाही रंगवले.

आठवण असू दे.

आत्या

दि. २५ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

मी संपादकपद सोडलं. रागाने नाही, मोकळेपणी बोलता यावं म्हणून. नातं उघड सांगून चर्चेत लिहिलं, की पडद्यावरच्या नावांचा नियम खोटारड्यांसाठी केला होता, कष्ट करणाऱ्यांवर कशाला चालवता? कासवाने सगळ्यांची मतं मागवली. एक्केचाळीस बाजूने, नऊ विरुद्ध. कासव तुझ्या बाजूने! अट एकच, की प्रत्येकीने, किंवा ती नसेल तर घरच्यांनी, स्वतः दुजोरा द्यायचा.

आता गोळा कर तुझी पलटण. आणि त्यात माझ्यासाठीही थोडी जागा ठेव.

ठमी

दि. १९ मार्च

चि. ठमीस, अ. उ. आ.

पद सोडलंस ते कळलं तेव्हा डोळे भरले, आता नाही भरत. ताठ राहा.

चौघींचे पत्ते लगेच मिळाले, बाकीच्यांसाठी जुन्या शेजाऱ्यांची दारं ठोठावली. तिघी आता नाहीत, त्यांच्या मुलांनी लिहून दिलं. दोघी लांब आहेत, त्यांनी तिथूनच नावं टाकली. उरलेल्या आम्ही नऊजणी काल दुपारी माझ्या बैठकीत जमलो. आपलं नाव आपणच टाइप करायचं, असं ठरलं.

सर्वांत थोरली एक्याऐंशीची. आजारपणानंतर तिचा हात थरथरतो. एकेका अक्षराला बोट हवेत थांबायचं. तुझा बाप मदतीला पुढे झाला, तर तिने त्याचा हात बाजूला सारला आणि म्हणाली, की तेव्हाही आमच्या कामावर दुसऱ्याचंच नाव पडलं होतं. तो गुमान चहा करायला गेला. एक वेलांटी चुकली, तिने अख्खं नाव पुसलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. पंधरा मिनिटं गेली, आम्ही कोणी हललो नाही. शेवटी तिने चष्मा पुसला, नाव मोठ्याने वाचलं आणि ‘जतन करा’ दाबलं.

अकरा मिनिटं आम्ही घड्याळाकडे बघत बसलो. मग वीस झाली. नाव तिथेच आहे.

तुझ्यावर जीव आहे, तुझाही असू दे.

आत्या