पातळ सालीचं बी

बाबा, काल जूचंद्रच्या एका सोसायटीतलं लॉन मी लोखंडी दाताळ्याने ओरबाडून काढलं. वरचा वाळका थर निघाला, खालची माती उघडी पडली आणि सेक्रेटरी कपाळावर हात मारून घ्यायला लागले. "मॅडम, लॉनचा जीवच घेतलात की!" मी म्हटलं, मुळाशी हवा-पाणी गेलं पाहिजे, थोडे दिवस थांबा, दुप्पट हिरवं होईल. बोलताना ठसका हुबेहूब तुमचा आला आणि मला माझीच किळस वाटली.

वटारच्या वाडीतली आपली नर्सरी आठवते. तुम्ही ओट्यावर बसला आहात, मांडीवर गोणपाट, हातात कानस. बहाव्याचं बी दगडासारखं टणक, न घासता पेरलं तर वर्षभर मातीत तसंच पडून राहणारं. तुम्ही त्याला एका कडेला हळूच घासता, आतला पांढरा ठिपका दिसला की थांबता. इतक्या मायेने आम्हा दोघी बहिणींना तुम्ही कधी हात लावला नाहीत. आमच्यासाठी तुमची जीभ होती. माझा रंग, माझं चालणं, माझे दात, सगळ्याचे वाभाडे गिऱ्हाइकांदेखत निघायचे. मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालायचे आणि ईर्षेने दुप्पट राबायचे.

एका पावसाळ्याच्या तोंडावर, तुम्हाला खूश करावं म्हणून मी चवळीचं बीही घासून भिजत घातलं. तुम्ही फाडकन मुस्काटात दिलीत. "पातळ सालीचं बी कोन घासतं? पान्यात कुजंल ते! बी बगून हात लावावा, येवडी अक्कल नाय?" चवळीसाठी तुमचा जीव इतका तुटत होता.

त्याच आठवड्यात धाकटी बारावीला नापास झाली. तुम्ही तिला फाटकाशी स्टुलावर बसवलंत. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिने आधी "मी नापास झाले" असं सांगायचं, मग रोपं दाखवायची. आई म्हणाली, "पोर लाजेनं मरंल हो." तुम्ही म्हणालात, "लागू दे मनाला. त्याबिगर कोंब फुटत नाय." ती आधी रडत सांगायची, मग कोरड्या डोळ्यांनी, आणि पावसाळा संपेपर्यंत ती कुणाशीच बोलेनाशी झाली. तुम्ही मात्र स्टूल उचललं नाहीत.

आता ती माझ्याकडे असते, गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये. केस पिकले. दाराची बेल वाजली की अजून बाथरूममध्ये जाऊन कडी लावते. आणि रोज संध्याकाळी तुमच्या फोटोला फूल वाहते. "बाबा आपल्या भल्यासाठीच बोलायचे गं," म्हणते. तो फोटो खाडीत भिरकावून द्यावासा वाटतो मला. नातेवाईक माझा धंदा बघून म्हणतात, बापाने पोरीला घडवलं. दुसरीचं नाव कुणी काढत नाही, कारण ती कुणाला दिसतच नाही.

तुम्ही दुष्ट होतात, एवढं लिहून मोकळं व्हायचं होतं. ते झालं. कागद घरात ठेवला तर तिच्या हाती लागेल, म्हणून आत्ताच फाडणार आहे. तिने तुमच्याबद्दलचं वाचलं तरी चालेल, ती तुम्हाला माफच करेल. पुढचं वाचायला नको. तुमच्या हाताखाली आम्हा दोघींतली एकच तगणार होती, तर ती मी निघाले, याचं मला बरं वाटतं.