सासरेबुवांची खुर्ची

चि. छबूस बापाचे आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. लिहायला बसतो, आणि आधी जावईबापूंच्याच हाती पडेल म्हणून फाडून टाकतो.

मजुरी वाढवून कुणी मागायची, यावर सगळ्या गवंड्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, "ठेकेदार तुमचा जावई. तुमचा शब्द कसा मोडेल?" मी मूर्ख, चढलो हरभऱ्याच्या झाडावर. सगळ्यांदेखत मागितली. जावईबापू हसले आणि सगळ्यांची वाढवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबांना या वयात परांचीवर चढवणं मला शोभत नाही. त्यांनी खुर्चीत बसून सिमेंट राखावं." राखणदाराची मजुरी गवंड्याच्या निम्मी, ते मात्र बोलले नाहीत.

आता मी गोण्यांशेजारी बसतो. ज्यांच्यासाठी तोंड उघडलं तेच वरून विचारतात, "सासरेबुवा, खुर्ची टोचत नाही ना?"

तेव्हापासून तुझा फोन नाही. छबे, मी परांचीवरून पडेन ही भीती तुला लहानपणापासून. खुर्चीचं तूच सुचवलं असशील, तर मी मुकाट बसेन, निम्म्यात भागवीन. पण जावईबापूंनी मला धडा शिकवला असेल, तर थापी उचलून दुसऱ्याच्या कामावर जाईन, आणि मग तुझ्या दारात पाय ठेवायला मला तोंड उरणार नाही.

कुणाच्या मनात आलं, एवढंच लवकर कळव. खरं काहीही असो, तुझ्याच मनात आलं असं कळव.

तुझा बाप