कप्तानाचा धाकटा भाऊ

४ जाने., भिंगार
तिसरा भाग पाहिला. स्वातीनं तिच्या लॅपटॉपवर लावून दिला. हे जाऊन सव्वा वर्ष झालं.
जुन्या सिनेमात अंतराळयानाचा कप्तान एकदाच म्हणतो, "माझा धाकटा भाऊ त्या ग्रहावर राहिला." तेवढ्या वाक्यावर ह्यांचा जीव. पुढे कप्तानाच्या आधीच्या आयुष्यावर तीन नवे सिनेमे निघाले. पहिल्यात भाऊ नाही. दुसऱ्यात नाही. हे म्हणायचे, "तिसऱ्यात दाखवतील, बघ."
तिसऱ्यातही नाही.

५ जाने.
राग जात नाही. अंतराळयानं जळताना वीस मिनिटं दाखवलीत. पहिल्या भागात कप्तानाची आई जेवायला वाढते, तिथं एक ताट जास्त मांडलं असतं तरी पुरलं असतं. दुसऱ्यात तो त्याच ग्रहावर उतरतो, इंधन भरतो, निघतो. भाऊ मागं राहिलेला माणूस असा उतरेल? इकडंतिकडं बघणारसुद्धा नाही?
स्वाती म्हणाली, "आई, पिक्चर आहे तो. सासूसारख्या चुका काय काढतेस!"

९ जाने.
मेथी निवडताना मनात आलं, हे त्या भावाची एवढी वाट का बघत होते? लष्कराच्या वर्कशॉपात जन्म काढलेला माणूस. सिनेमातल्या कुणासाठी कधी हळहळले नाहीत.
ह्यांच्या लहानपणाचं मला एवढंच ठाऊक, की आईबाप ऊसतोडीला जायचे आणि पोरं सोबत. पुढचं मी विचारलं नाही.

१८ जाने.
तिसगावला आक्कांकडे. ह्यांची थोरली बहीण, आता त्याच एक उरल्या. सरळ विचारलं, ह्यांना धाकटा भाऊ होता का?
तव्यावरची भाकरी करपली तरी त्या उलथेनात.
"तुला सांगितलं न्हाई व्हय त्यानं? बाळू. चार वर्साचा हुता."
श्रीगोंद्याकडचा ऊसतोडीचा तळ. कारखान्याचा हंगाम संपला, गावी निघायला दोन ट्रक. आई पुढच्यात, बाप मागच्यात. तिला वाटलं पोर बापाकडं, बापाला वाटलं तिच्याकडं.
"आन् बाळूला धर म्हनून तुझ्या नवऱ्याला सांगितलेलं. त्यो ट्रकात जागा धराया पळाला. आठ-नऊ वर्साचं पोर ते."
"मग?"
"माघारी गेलो. लई शोधलं. न्हाई गावला. मग घरात कुनी नावच काढलं न्हाई."

१९ जाने.
श्रीगोंद्यात लग्न असो, मयत असो, हे कधी गेले नाहीत. मला वाटायचं, आळस.
कप्तानाच्या त्या वाक्याला हे दर वेळी सिनेमा थांबवायचे. मी तेवढ्यात चहा टाकायला उठायचे.

२ फेब्रु.
स्वातीला सांगितलं. ती म्हणाली, "कुठं शोधणार, आई? असले तर साठीचे असतील."
चार वर्षांचं पोर आपलं नाव तरी सांगतं. नाव टिकलं असेल.

५ फेब्रु.
श्रीगोंदा. स्टँडवर दोन तास. चहावाल्यानं विचारलं, "कोन पायजे, मावशी?"
"बाळू."
"कंचा बाळू? हाक मारून बघा, धा जन वळत्याल."
तो हसत होता. मी खरंच मारली.
तिघं वळले. दोन तरणे. तिसरा साठीचा, खांद्यावर टॉवेल. तो उभाच राहिला. नाक आमच्या घरातलं, की मला तसं वाटलं? जवळ गेले. आईबाप कुठले, एवढंच विचारायचं होतं.
तोंडातून आलं, "माफ करा, चुकून."
"असू द्या," तो म्हणाला. "वाटलं, घरचं कुनी आलं."
आणि मी नगरच्या एसटीत चढले.